दुपारपुरती मदतनीस

एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट. काकूंच्या पाळणाघराला तोवर इतकी वर्षं झाली होती की, तिथे अंगठा चोखत वाढलेल्या पहिल्या पोरांना मिसरूड फुटलं होतं आणि रस्त्यात काकू दिसल्या की ती लाजून पलीकडच्या बाजूला जात. कारण काकू भर रस्त्यात, कुणाची भीड न ठेवता विचारत, "काय रे, अंथरूण कोरडं राहतं ना आता?"

पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या एकीमागे एक अशा दोन खोल्या, त्यांच्यामागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या पोटात अडगळीची एक अंधारी खोली. पुढच्या खोलीत भिंतीला ओळीने खुंट्या होत्या. एकेका खुंटीवर एकेका मुलाची पिशवी, आणि कुणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येक पिशवीला निराळ्या रंगाचा दोरा. मधल्या लाकडी जमिनीच्या खोलीत तान्ह्यांचे पाळणे आणि मोठ्या पोरांच्या गाद्या. घरात कायम उतू गेलेल्या दुधाचा, पावडरीचा आणि न वाळलेल्या दुपट्यांचा वास भरून असे. पाहुणे नाक मुरडत. काकू बाहेरून आल्या की तो वास छातीभर घेत. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दुसऱ्यांची मुलं सकाळी येत, संध्याकाळी जात, आणि मधल्या वेळात काकूंचं आयुष्य होई.

आणि काकूंना ऐकू येत नव्हतं.

आधी उजवा कान गेला, मग डावा. कधी गेला ते त्यांना सांगता आलं नसतं. दिवस लहान होत जातात तसंच ते झालं, संध्याकाळ लवकर पडायला लागल्यावरच ध्यानात आलं. भांड्यांचे आवाज गेले, रस्ता गेला, माणसं गेली. मुलांचं रडणं सगळ्यांत शेवटी गेलं, पण तेही गेलंच.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या बाईकडे तान्हं पोर कोण ठेवील? एकही खुंटी भरलेली राहिली नसती. म्हणून त्यांनी आपल्या आपण युक्त्या काढल्या. पाळण्यांच्या दोऱ्या त्या मनगटांना बांधून बसत. आत बाळाने कूस बदलली तरी मनगटाला कळे. घरात चप्पल घालत नसत. धावणारे पाय, पडलेला डबा, आपटलेलं दार, सगळं तळव्यांतून वर येई. आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे त्या अशा एकटक बघत की आया एकमेकींना सांगत, "काकूंसारखं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही बाई."

जे उरे ते वन्सं करत. वन्सं म्हणजे काकूंची थोरली नणंद. विधवा झाल्यापासून इथेच असत. दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत बसून त्या लोकरीचं काहीतरी विणत. पुढच्या खोलीत कुणी पोर रडलं की त्या काठी एकदा आपटत, दाराशी कुणी आलं की दोनदा. काकूंच्या तळव्यांना ते कळे आणि काकू उठत. काठी का आपटता, हे काकूंनी कधी विचारलं नाही. तुला ऐकू येत नाही का, हे वन्संनीही विचारलं नाही. एका घरात जन्म काढणाऱ्या बायका कितीतरी गोष्टी न बोलता वाटून घेतात, त्यातलीच ही एक.

त्या वर्षी वन्संच्या लेकीला जुळं होणार असं कळलं, आणि वन्संना सहा-आठ महिने तिकडे जाऊन राहणं भाग पडलं.

"माझ्यावाचून होईल ना तुझं?" पेटी बांधता बांधता त्यांनी विचारलं.

"न व्हायला काय झालं? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"दुपारपुरती तरी कुणी ठेव. तुझं वय झालं आता." वन्सं काकूंपेक्षा बारा वर्षांनी मोठ्या होत्या. काकूंनी ते तोंडावर बोलून दाखवलं, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "म्हणून तर मला कळतं."

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काकूंनी पाटी लावली, 'पाळणाघरासाठी दुपारपुरती मदतनीस हवी', आणि वाट बघत बसल्या. आपल्याला नेमकं काय हवंय ते पाटीवर लिहिता येण्यासारखं नव्हतं.

पहिली आली ती अंगापिंडाने भरलेली, तोंडाचा पट्टा अखंड चालू. बोलता बोलता ती खोलीभर हिंडली. पाळणे हलवून बघितले, खिडकीची कडी बघितली, खुंट्या मोजल्या. तिचं तोंड दिसावं म्हणून काकूंना तिच्याभोवती भोवऱ्यासारखं फिरावं लागलं. शेवटी तीच थांबली आणि म्हणाली, "तुम्हाला चक्कर येते का हो?" काकूंनी तिला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

दुसरी चाळिशीची, किडकिडीत. येताना छत्री दाराबाहेर ठेवून, पाय पुसून आली. खाली बसली. ठमी नावाची तीन वर्षांची एक पोर होती, तिची आई इस्पितळात नर्स. ही ठमी नवीन माणसाला बघितलं की आठ-आठ दिवस भोकाड पसरायची. ती आपणहून उठली आणि त्या बाईच्या मांडीवर जाऊन बसली. बाईने तिच्याकडे बघितलंही नाही. नुसता हात गेला आणि झग्याचं चुकलेलं बटण नीट लागलं. काकूंनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं, हीच.

"पूर्वी कुठे काम केलंय?" त्यांनी विचारलं.

बाईचे पुढचे दात तुटलेले असावेत, कारण बोलताना तिने तोंडापुढे हात धरला आणि मान खाली घातली. काकूंना हात दिसला, बोटं दिसली, नखं दिसली.

"काय म्हणालात?"

तिने पुन्हा सांगितलं. हात तसाच.

तिसऱ्यांदा विचारायचा काकूंना धीर झाला नाही. हात बाजूला घ्या, असं म्हणता आलं असतं. ते त्या बाईला लागलं असतं, हे एक. आणि का, असं तिने विचारलं असतं, हे दुसरं. "बरं. कळवते," काकू म्हणाल्या. 'कळवते' म्हणजे काय ते त्या बाईला पुरतं ठाऊक होतं. ती उठली. ठमीने तिचं बोट धरून ठेवलं होतं, ते तिने हळूच सोडवून घेतलं.

तिसरी आली ती बाविशीतली मुलगी. तिने दारातच उभं राहून तोंड उघडलं आणि काकूंना वाटलं, खोलीतला दिवा कुणीतरी मोठा केला.

"नमस्कार. मी दुपारच्या कामासाठी आले आहे. औषधाच्या दुकानात पाटी वाचली."

एकेक अक्षर वेगळं, मण्यासारखं ओवलेलं. ओठ पुरते उघडायचे, पुरते मिटायचे. ती बसस्थानकावर ध्वनिक्षेपकावरून गाड्यांच्या घोषणा करायची. तिथलं कामही अर्धवेळच होतं. भाऊ-वहिनीकडे राहायची, लग्न ठरल्यात जमा होतं, तोवर चार पैसे गाठीला असावेत एवढंच.

"दुपारी मोकळी असतेस?"

"पूर्ण मोकळी असते."

काकूंनी तिला मग कितीतरी वेळ बोलतं ठेवलं. भावाबद्दल विचारलं, वहिनीबद्दल विचारलं, बस उशिरा का येतात तेही विचारलं. एक शब्द निसटत नव्हता. तहानलेल्याने पाणी प्यावं तसं त्यांनी ते बोलणं पिऊन घेतलं. ती गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, मुलं आवडतात का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मुलांनी दुसऱ्याच दिवशी तिचं 'बसताई' करून टाकलं. दूध द्यायच्या वेळी ती तोंडापुढे माइकसारखी मूठ धरायची नाही, नुसती मान वर करून सांगायची, "लक्ष द्या, लक्ष द्या. दुधाची गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे. प्रवाशांनी आपापले पेले सांभाळावेत. सांडणाऱ्या प्रवाशांना खाली उतरवण्यात येईल." पोरं गडबडा लोळायची. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या काकूही हसायच्या. सगळे हसतात त्याच क्षणी आपणही हसावं, मागाहून अंदाजाने नाही, असं त्यांना किती वर्षांनी मिळालं होतं.

काकूंनी तिची जागा ठरवून दिली, वन्संची खुर्ची. "तू इथून हलू नकोस. कुणी उठलं, रडलं, तर मला येऊन हात लाव. दोऱ्या हातात असतात ना, मान वळवता येत नाही." मुलगी "बरं" म्हणाली. तिने काही विचारलं नाही, याचंच काकूंना बरं वाटलं.

दोनेक महिने असे गेले. काकूंना वाटायला लागलं, निभलं.

जेवणं झाली की अडगळीच्या खोलीतून गाद्या बाहेर काढायच्या, घालायच्या, आणि त्या खोलीला बाहेरून कडी लावायची, हा काकूंचा शिरस्ता. आत रॉकेलचा डबा होता, जुनी ट्रंक होती. कडी लावण्याआधी दारातून त्या ओरडत, "कोण आहे रे आत?" ऐकू येत होतं तेव्हाची सवय ती. ओरडायच्या, क्षणभर थांबायच्या, कडी घालायच्या. त्या दिवशीही तसंच केलं. ठमी उरलेल्या गाद्यांच्या मागे लपली होती. तिने आतून 'मी' म्हटलं असणार. मुलं म्हणतातच.

काकू मधल्या खोलीत येऊन पाळण्यांकडे तोंड करून बसल्या. दोऱ्या मनगटांना बांधल्या, पाय दमले होते म्हणून स्टुलावर घेतले. दाराकडे पाठ. तान्ही झोपली, रोजच्या रडारडीला सरावलेली गादीवरची पोरं झोपली, त्यांच्या पाठी वरखाली होत होत्या. ठमीची गादी खांबाच्या आड होती. काकूंना बरंच शांत वाटलं.

भिंतीवर सावली पडली म्हणून त्यांनी वळून बघितलं. दारात ठमीची आई, नर्सबाई उभी. पांढऱ्या कपड्यांत, ड्यूटीवरून लवकर सुटलेली, आणि तिचं तोंड पुरतं उघडलेलं. काकूंना आधी वाटलं, इस्पितळात काहीतरी झालं असावं. नर्सबाई त्यांना ओलांडून आत धावली. काकू दोऱ्या सोडून मागे गेल्या तोवर तिने कडी काढली होती.

ठमी घामाने आणि मुताने भिजली होती. चेहरा सुजून लाल झाला होता. दार ओरबाडून बोटांची टोकं सोलली होती. ती आईला बिलगली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. त्या उघड्या तोंडातून आवाज येत असावा हे काकूंना दिसत होतं.

नर्सबाई बोलत होती, रडत होती. रडणारं तोंड काकूंना वाचता येत नसे, त्याचा आकारच मोडून जाई. दोन तुकडे तेवढे हाती लागले. "रस्त्यापर्यंत येतोय आवाज," आणि, "ऐकत बसलात?"

एवढ्यात बसताई दारात आली. चपला हातात धरून, पायांचा आवाज होऊ नये तशी. खुर्ची रिकामी होती हे काकूंना तेव्हा दिसलं.

संध्याकाळी मुलांना न्यायला आलेली सगळीच पुढच्या खोलीत थांबली. शिंपी होता, बँकेतले नवरा-बायको होते, शाळामास्तर होते, आणखी दोघी-तिघी. नर्सबाईने सगळ्यांना सांगितलं होतं, की पोर किंचाळत होती आणि ही बाई दहा हातांवर पाळणा हलवत बसली होती. शिक्षा म्हणून कोंडलं की काय? आपलीही मुलं अशी कोंडली जातात की काय? काकू खुंट्यांना टेकून उभ्या होत्या. एकाच वेळी सगळी तोंडं हलत होती. एकाचं धरावं तर दुसरं सुटे. आपल्यावर काय काय आळ येतोय हेच त्यांना कळेना.

तेव्हा समोरच्या कोपऱ्यात त्यांना बसताई दिसली. ती काकूंच्याच डोळ्यांत बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज काढत नसावी, कारण तिच्या शेजारी उभ्या मास्तरांनी मानही वळवली नाही. मण्यासारखी अक्षरं. "शिंपी विचारतोय, रोज कोंडता का."

काकू म्हणाल्या, "आजवर एकदाही कुणाला कोंडलं नाही."

"बँकवाली म्हणते, मग आज काय झालं."

या पोरीला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं देव जाणे.

नर्सबाई लोकांकडे वळून हातवारे करत काहीतरी म्हणाली. काकूंना तिचं डोकं तेवढं दिसलं. बसताईचे ओठ हलले, "विचारते, कडी कोणी लावली." मग मुलगी थोडी थांबली. आणि ओठ पुन्हा हलले, "माझं नाव सांगा."

सगळी गप्प झाली असावीत, कारण तोंडं मिटलेली होती. काकूंनी एकेकाकडे बघितलं. मग खुंट्यांकडे बघितलं.

"हिने लावली," त्या म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "बाहेर पळायची घाई होती हिला." हे दुसरं वाक्य कुणी त्यांना सुचवलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

त्यानंतर सगळं फार सोपं झालं. बसताईने मान खाली घातली, "चुकलं माझं," एवढं म्हणाली आणि लोकांनी तिला फैलावर घेतलं. बँकवाली म्हणाली, आजकालच्या पोरी अशाच. शिंपी जाता जाता काकूंच्या पुढ्यात येऊन सांगून गेला, "माणूस पारखून ठेवावं काकू. तुम्ही पडलात साध्या." नर्सबाई ठमीला खांद्यावर टाकून गेली.

खोली रिकामी झाल्यावर मुलगी आपली पर्स घ्यायला आली. काकूंनी तिचा दंड धरून तिला दिव्याखाली आणलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी. तुमच्या मागे माझ्या हातातून ताट पडलं. तुम्ही खुर्चीवर पाय घेऊन बसला होतात. मान वळवली नाहीत."

"बोलली नाहीस ती."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

काकू म्हणाल्या, "आज गेली होतीस कुठे?"

"स्टँडवर. दोनच्या गाड्यांना घोषणा करायला दुसरं कुणी नसतं. ते काम सोडलं तर सकाळचंही जातं. तेव्हा पूर्ण मोकळी असते म्हणाले, ते काम हवं होतं म्हणून. अर्ध्या तासात परत येते. आज गाडीच उशिरा आली."

"म्हणजे रोज जायचीस?"

"रोज सांगून जायचे, काकू."

"मला?"

"हो. म्हणायचे, काकू, जाऊन येते. रोज म्हणायचे."

"कुठे उभी राहून म्हणायचीस?"

मुलीने खाली बघितलं. मग तिच्या ध्यानात आलं असावं की खाली बघून बोललेलं काकूंना कळणार नाही. तिने चेहरा वर केला.

"तुमच्या मागे."

काकूंनी तिचा दंड सोडला.

"मग आज माझी कड का घेतलीस?" काकूंनी विचारलं.

"कड नाही घेतली. मी खुर्चीवर असते तर मला ऐकू आलं असतं. त्याच्यासाठीच ठेवली होतीत ना मला? सांगितलं नव्हतंत, पण कळत होतं." तिने पर्स खांद्याला लावली. "उद्यापासून कोण ऐकणार, काकू?"

मुलगी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं आली. नेहमीपेक्षा लवकरच आली, जणू काकूंची समजूत काढायला सगळी निघाली होती. बँकवालीने बिस्किटांचा पुडा आणला. मास्तरांनी तान्ह्याला काकूंच्या हातात देताना म्हटलं, "तुमच्यावर भरवसा आहे म्हणून तर." काकूंनी बाळ घेतलं. ते हातात हुंदके देत होतं, छाती उडत होती, त्यावरून रडतंय हे कळत होतं. खाली ठेवल्यावर कळणार नव्हतं. वन्संची खुर्ची दाराशी रिकामी होती. मधल्या खोलीत आत्ता कोण काय करतंय, कुणाच्या हातात काय आहे, कोण कुठे चढलंय, याचा काकूंना पत्ता नव्हता. आजवर कुणी ना कुणी तिथे असे. आज घरात त्या एकट्या होत्या आणि पोरं खुंट्यांवर पिशव्या अडकवत होती.

सगळ्यांत शेवटी नर्सबाई आली. ठमीच्या बोटांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. ठमी आईचा हात सोडून आत गेली आणि आपल्या खुंटीवर पिशवी लावायची म्हणून टाचा उंच करू लागली.

नर्सबाई सावकाश बोलली, त्यामुळे काकूंना अक्षरन् अक्षर कळलं. "काकू, काल मी नाही नाही ते बोलले. डोकं ठिकाणावर नव्हतं. तुमच्यासारख्या बाईवर संशय घेतला, लाज वाटते मला. मनात ठेवू नका."

काकूंनी मान हलवली. नर्सबाई खाली वाकून ठमीच्या बुटाचा बंद बांधायला लागली आणि वाकल्या वाकल्या आणखी काहीतरी म्हणाली. मग वर बघून उत्तराची वाट बघत थांबली.

अशा वेळी काकू "बरं" म्हणत. इतकी वर्षं त्या "बरं" म्हणत आल्या होत्या. कशाकशाला "बरं" म्हणून गेलो असू, हे त्या दारात उभ्या असताना त्यांच्या मनात आलं, आणि तोंडाशी आलेला शब्द बाहेर पडेना.

"आत्ता खाली वाकून काय म्हणालात?"

"अंग कोमट लागतंय तिचं. दुपारी ताप बघा, वाढला तर पिशवीत औषध आहे, म्हटलं."

"मला ते ऐकू आलं नाही."

"हळू बोलले मी."

"हळू नाही. मोठ्याने म्हणाला असतात तरी आलं नसतं. मला काही ऐकू येत नाही, नर्सबाई. काही म्हणजे काहीच नाही." आपण किती मोठ्याने बोलतोय हेही काकूंना कळत नव्हतं. समोरून जाणारा दूधवाला थांबून बघायला लागला. "कडी मी लावली. ती आतून बोलली असणार, मी लावली. त्या पोरीने हातही लावला नव्हता. काल सगळ्यांसमोर मी खोटं बोलले."

नर्सबाई हळूहळू उभी राहिली.

"ठमी यायला लागली, तेव्हापासून?"

"त्याच्याही आधीपासून."

नर्सबाईने आरडाओरडा केला नाही. आत गेली, खुंटीवरची पिशवी काढली, ठमीला उचललं आणि निघाली. रस्त्याच्या वळणापर्यंत ठमी तिच्या खांद्यावरून मागे बघत होती.

पुढच्या काही दिवसांत पाळणाघर बंद पडलं. भांडायला कुणी आलं नाही. कुणाची सासू राहायला येणार होती, कुणाची बदली होणार होती, शिंपी म्हणाला, मुलगा आता दुकानातच बसेल माझ्याजवळ. सगळे काकूंपुढे उभं राहून, तोंड मोठं करून, एकेक शब्द तोडून सांगत. त्याचंच काकूंना जास्त लागे.

बसताईच्या भावाच्या घरी काकू स्वतः गेल्या. वहिनीने दारातच उभं ठेवलं. झाला प्रकार गावभर झाला होता, पोर कोंडणारी मुलगी म्हणून ठरलेलं लग्न फिसकटलं होतं. काकूंनी खरं काय ते सांगितलं. वहिनी म्हणाली, "हे त्या लोकांना जाऊन सांगा." काकू त्या लोकांकडेही गेल्या. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, पण लग्न काही जुळलं नाही. औषधाच्या दुकानात, शिंप्याकडे, जो भेटेल त्याला काकू सांगत राहिल्या. पण पहिलं बोलणं चालत गेलं होतं तितकं दूर हे दुसरं गेलं नाही.

तोंडापुढे हात धरणाऱ्या त्या किडकिडीत बाईचा काकूंनी पुष्कळ शोध घेतला. मुलं तिच्या हवाली करावीत असं त्यांच्या मनात होतं. पण विचारायचं तरी काय म्हणून? तिने नाव सांगितलं असणार, पण काकूंना ते कळलंच नव्हतं. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

वन्सं आल्या तेव्हा खुंट्या रिकाम्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्हाला ठाऊक होतं ना हो, वन्सं?" काकूंनी विचारलं. वन्सं म्हणाल्या, "मला मेलीला काय ठाऊक असणार? मी आपली डास मारायला काठी आपटायची." आणि पेटी सोडायला बसल्या. दोन हिवाळ्यांनंतर, जुळ्या नातवंडांची स्वेटरं अर्धी विणून त्या गेल्या.

ठमीला यातलं काही आठवत नाही. बंद खोलीत तिचा जीव घाबरतो, लिफ्टमध्ये ती चढत नाही, पण ते का हे तिला आईने सांगितलेलं नाही. ती आता परगावी शिकवते.

नर्सबाई बरेच महिने फिरकली नाही. मग एके दिवशी आली आणि "चला" म्हणून काकूंना इस्पितळात कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रांगेत शेजारी बसली, पण बोलली नाही. कानात घालायचं यंत्र मिळालं. काकूंना त्यातून नळ आणि रस्ता ऐकू यायचा, माणसं फारशी नाहीत. तरी त्या घालायच्या. लोकांची झबली-दुपटी शिवून त्यांनी पुढची वर्षं काढली. नर्सबाई अधूनमधून येत राहिली. तिने माफ केलं की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही.

बसताई ते गाव सोडून गेली. पुष्कळ वर्षांनी नर्सबाई कुठल्याशा लांबच्या शहरात गेली होती. तिथल्या मोठ्या स्थानकावर तिने ध्वनिक्षेपक ऐकला आणि ओळखलं. वर जाऊन भेटावंसं वाटलं, पण गाडी लागली होती. परत आल्यावर तिने काकूंना हे सांगितलं. काकू शिवणाचं काम बाजूला ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"कसा आहे गं तिचा आवाज?"

नर्सबाईने जरा विचार केला. "घोगरा आहे. बाईमाणसाच्या मानाने जाडच."

काकू म्हणाल्या, "मला आपला बारीक वाटायचा."